टोपी डोक्यावर असेपर्यंत

परीक्षेला येताना डोक्याला तेल लावू नये, अशी सूचना वैद्यक परिषदेच्या पत्रात ठळक अक्षरांत छापली होती. आचल उरकुडेने ती वाचली होती, आईलाही वाचून दाखवली होती. तरी पहाटे निघताना "एवढ्या मोठ्या कामाले कोरड्या डोक्यानं जात नसतात बाई," म्हणत आईने चमचाभर खोबरेल तिच्या टाळूवर थापलंच. त्या घाईत आईशी वाद कोण घालणार? परिणामी नागपूरच्या पडताळणी केंद्रातला पहिला पाऊण तास आचलने बेसिनपाशी वाकून, तिथल्या परिचारिकेने दिलेल्या शाम्पूने तीनदा केस धुण्यात घालवला. तेलकट टाळूवर टोपीचे संवेदक नीट चिकटत नाहीत.

बाहेर बाकांवर सदतीस जण बसले होते. सगळे परदेशातून डॉक्टर होऊन आलेले, आणि इथे रुग्णाच्या अंगाला बोटही लावायची परवानगी नसलेले. एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं. टोपीपुढे पुस्तकाचा काडीइतका उपयोग नाही, हे गेल्या पाच वर्षांत सगळ्यांना कळून चुकलं होतं. कझाकस्तानहून शिकून आलेली एक मुलगी डोळे मिटून हवेत टाके घालत होती. तिची कीव येत होती, पण हसणार कोण? उद्या तीच वेळ आपल्यावर, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आचलचा हा तिसरा प्रयत्न. तीनच मिळतात. तिसऱ्यांदा नापास झालं की परदेशातली पदवी घरच्या भिंतीवर लावायची आणि दुसरा धंदा बघायचा.

आता या टोपीबद्दल थोडं सांगायला हवं. माणसाच्या आठवणी एका जातीच्या नसतात. वैनगंगा कुठे उगम पावते हे शाळेत पाठ केलेलं असतं, ती एक आठवण. तीच वैनगंगा पोहून पार केली असेल तर ती आठवण निराळी. तिच्यात पाण्याचा गारठा असतो, पायाखालचं शेवाळ असतं, काठावरून कोण ओरडत होतं तेही असतं, आणि हे सगळं एकत्र बांधलेलं असतं. ही बांधणी मेंदूत, कानशिलांच्या आत खोलवर बसलेला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग करतो. आपण खरोखर केलेली गोष्ट पुन्हा डोळ्यांसमोर आली, की तो पाहण्याची, ऐकण्याची, हात हलवण्याची केंद्रं एका तालात जागी करतो. सेकंदाला पाच-सहा ठोक्यांचा संथ ताल. नुसत्या वाचलेल्या, ऐकलेल्या किंवा पडद्यावर बघितलेल्या गोष्टीला तो ताल धरत नाही.

एवढं जुन्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक होतं. पण कवटीच्या बाहेरून इतका खोलचा ताल स्वच्छ टिपणारे संवेदक निघाले ते दोन हजार बत्तीसच्या सुमाराला. त्यांची टोपी झाली आणि वर्षभरात ती परिषदेने उचलली. परदेशी इंटर्नशिपच्या खोट्या प्रमाणपत्रांचा तेव्हा नुसता सुळसुळाट झाला होता. कोणी किती प्रसूती केल्या, किती जखमा शिवल्या, हे कागदावर कोणीही लिहील. टोपीसमोर थापा चालत नाहीत. उमेदवाराला एकेक प्रसंग दाखवायचा, आणि त्याच्या मेंदूने तो कधी जगला आहे का ते मोजायचं. शंभरापैकी साठ गुण मिळाले तर नोंदणी, नाहीतर घरी.

आचलला पहिल्या खेपेस एकतीस मिळाले, दुसऱ्या खेपेस चौतीस. चूक तिची नव्हती आणि टोपीचीही नव्हती. जॉर्जियातल्या ज्या विद्यापीठात ती सहा वर्षं शिकली, तिथे एका खाटेभोवती चाळीस विद्यार्थी उभे राहत. रुग्ण त्यांच्या भाषेत बोलत, विद्यार्थी इंग्रजीत लिहून घेत. पहिली प्रसूती तिने टाचा उंचावून, दोन उंच मुलांच्या खांद्यांमधून पाहिली. हात लावला तो फक्त रबरी पुतळ्याला, आणि टोपीला पुतळा आणि बाई यांतला फरक बरोबर कळतो.

म्हणजे नोंदणी हवी तर अनुभव हवा. आणि नोंदणी नसताना अनुभव घेतला तर तो गुन्हा, त्याला पाच वर्षं सक्तमजुरी. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, असा हा कारभार होता.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर आठव्या दिवशी आचल आंबेटोल्याला डॉक्टर वसंत गहाण्यांसमोर जाऊन उभी राहिली. भंडारा जिल्ह्याच्या टोकाला, जंगलाला लागून असलेलं हे गाव. गहाण्यांचं बारा खाटांचं प्रसूतिगृह सोडलं, तर चाळीस किलोमीटरच्या परिसरात बाळंतपणाची दुसरी सोय नव्हती. गहाणे तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी तिचे दोन्ही निकाल बघितले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आपला उजवा हात तिच्यासमोर धरला. तो हात सुपातल्या दाण्यांसारखा हलत होता.

"कंपवात," ते म्हणाले. "दोन वर्षं झाले. गावाले अजून नाही सांगितलं. माझ्यापाशी चाळीस वर्षांचं डोकं हाये, पण हात गेले. तुझ्यापाशी हात हायेत, अन् डोकं कोरं. दोघांचा मिळून एक डॉक्टर होते का, पाहू."

"सर, हे कायद्यात बसत नाही," आचल म्हणाली. म्हणायचं म्हणून म्हणाली. नाही तर ती तिथे गेली कशाला होती?

"बसत नाहीच. बायका बाळंत व्हायच्या थांबतात का त्याच्यानं?"

हजेरीपुस्तकात तिचं नाव मदतनीस म्हणून लागलं. पहिले सहा महिने गहाण्यांनी तिला फक्त पोट तपासायला लावलं. डोळे मिटायचे, पोटावर हात ठेवायचा आणि बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे ते सांगायचं. चुकली की ते रागवत नसत, पुन्हा हात ठेवायला सांगत. मग ती टाके घालायला लागली. मग प्रसूती. गहाणे शेजारी स्टुलावर बसून बोलत राहायचे आणि तिचे हात चालत राहायचे. कुंदाताई नावाची त्यांची जुनी सिस्टर सगळं बघत होती. तिने एका शब्दाने कुठे वाच्यता केली नाही. दोन वर्षांत तीनशे अकरा बाळं आचलच्या हातात आली, आणि आसपासच्या टोल्यांतल्या, वाड्यावस्त्यांवरच्या बायका तिला डाक्टरीन म्हणायला लागल्या. ती आधी नको म्हणायची, मग म्हणेनाशी झाली. माणूस आहे, सुखावणारच.

आज सकाळी ती निघाली तेव्हा रोशनी कोवे नावाची बाई कळा देत दाखल झाली होती. तिसरं बाळंतपण होतं. आचलने फोनवरूनच विचारलं, तशी गहाणे म्हणाले, "तिसरी खेप हाये, आपोआप सुटते. तू तुझं पाह्य."

बारा वाजता टोपी चढली. चौदा पानी संमतीपत्र आचलने आधीच सही करून दिलं होतं. त्यातलं महत्त्वाचं वाक्य परीक्षक डॉक्टर इरावती सबनीस यांनी तोंडी वाचून दाखवलं, कारण तसा न्यायालयाचा आदेश होता. "टोपी डोक्यावर असेपर्यंत नोंद चालू राहील. उमेदवार कोणत्याही क्षणी स्वतःच्या हाताने टोपी काढू शकतो. टोपी काढली की परीक्षा तिथेच संपते आणि तो प्रयत्न नापास धरला जातो." सबनीस बाई पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या, मूळच्या पुण्याच्या. त्यांनी आचलला पाणी दिलं, खुर्ची सरकवून दिली.

पडद्यावर प्रसंग येऊ लागले. अडलेलं बाळ. शिवायची जखम. झटके येणारी गरोदर बाई. एकेका चित्राला आचलचे तळहात तापत होते. मागच्या दोन खेपांना ती उत्तरं आठवत बसली होती, या खेपेस आठवायची गरजच पडली नाही. अडीच वाजता पहिली फेरी संपली आणि सबनीस बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. एक्क्याण्णव!

आचलला रडू फुटलं. सहा वर्षं परदेशात, चार वर्षं इकडे, आणि मधे कितीतरी पाहुण्यांनी "झालं का गं तुझं?" म्हणून विचारलेलं. ती ओंजळीत तोंड घालून रडली आणि सबनीस बाई थांबून राहिल्या.

"उरकुडे, मी या खुर्चीत पाच वर्षं बसते आहे," त्या म्हणाल्या. "नव्वदच्या पुढे फक्त दोघं गेलेले पाहिले. तुम्ही उत्तम डॉक्टर आहात. म्हणूनच पुढचं मला विचारावं लागणार आहे. हा अनुभव तुम्हाला कुठे मिळाला?"

आचलचं रडणं थांबलं.

"अर्जात तुम्ही जॉर्जियातलं रुग्णालय लिहिलंय. आम्ही मधूनमधून त्या रुग्णालयाचे फोटो दाखवत होतो. जिने, खाटा, खिडक्या. तुमच्या मेंदूने एकाही प्रसंगाची गाठ त्या जागेशी बांधलेली नाही. पण कौलाचं छप्पर दाखवलं, की ताल उसळतो. हिरव्या पडद्याला उसळतो. मराठी बोलणाऱ्या बाईच्या आवाजाला तर फारच. याला आम्ही स्थळजुळणी म्हणतो. या वर्षीपासून सुरू केली आहे."

परदेशी पदवीधरांचा एक ग्रुप होता, साडेसहाशे जणांचा. त्यात गेली तीन वर्षं रात्रंदिवस एकच चर्चा चालायची की अनुभव मिळवायचा कुठून. कोणी मानवी आवाजाचे पुतळे सुचवत होतं, कोणी चष्मे लावून खेळायचे प्रसूतीचे खेळ. अनुभव कमी पडेल, ही एकच धास्ती सगळ्यांच्या मनात घर करून होती. तो भरपूर असला तर काय होईल, हा प्रश्न साडेसहाशे शिकलेल्या डोक्यांतून एकालाही पडला नाही. आचललाही नाही. अनुभवाला गाव असतं, हे ती पार विसरली होती.

"तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत," सबनीस म्हणाल्या. "जागा आणि डॉक्टरचं नाव सांगा. नियमात कबुलीची सवलत आहे. तुमचा अनुभव खरा आहे, सरकारला डॉक्टर हवे आहेत, आजच नोंदणी मिळेल. ज्यांनी तुम्हाला बेकायदा काम करू दिलं, त्यांच्यावर कारवाई होईल. दवाखान्याला सील लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर नापास. तिसरा प्रयत्न."

"ते वाईट माणूस नाहीत, मॅडम."

"नसतील. गेल्या वर्षी एका ठिकाणी असेच शिकाऊ हात होते. शेजारी बसून सांगणारं कोणी नव्हतं. एका आठवड्यात दोन बायका गेल्या. नियम त्या दोघींमुळे आला. मी तो केला नाही, पण चूक आहे असंही मला म्हणता येत नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार वाजेपर्यंत विचार करा. कोणा एकाशी फोनवर बोलायची मुभा आहे. टोपी मात्र..."

"माहितीये," आचल म्हणाली.

इकडे आड, तिकडे विहीर. आचल खुर्चीत बसून राहिली. पडद्याच्या कोपऱ्यात नोंदीचा तांबडा दिवा जळत होता. आंबेटोल्याचा विचारही मनात यायला नको, म्हणून ती पाढे म्हणू लागली. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा. तेवढ्यात हिरवा पडदा डोळ्यांसमोर आला आणि पडद्यावरची रेघ वर उडाली. ती पुन्हा एकोणतीसपासून सुरू झाली.

खरं तर एकच करायचं होतं. हात वर न्यायचा, हनुवटीखालचा पट्टा सोडायचा आणि टोपी टेबलावर ठेवायची. गहाणे सर वाचले असते. गहाणे सरांना ती बुडवणार नव्हती, हे तिचं केव्हाच ठरलं होतं. त्यांचं नाव तोंडातून निघणार नाही, जीभ झडली तरी नाही. पण मग टोपी का काढत नव्हती? चारला अजून पंचवीस मिनिटं आहेत, काही तरी सुचेल, एखादी फट सापडेल, असं तिला वाटत होतं. एक्क्याण्णव गुण पडद्यावर दिसत होते. ते डोक्यावरून आपल्या हाताने उतरवायचे म्हणजे सोपं नव्हतं. तिने मनाशी म्हटलं, शेवटच्या मिनिटाला काढू.

सरांशी एकदा बोलावं म्हणून तिने फोन मागून घेतला. सुरू केला तर कुंदाताईचे नऊ कॉल येऊन गेलेले. दहावा हातातच वाजला. हातांना टोपीच्या संवेदकांची पेस्ट लागली होती, म्हणून तिने तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"उचलला बापा एकदाचा!" कुंदाताई ओरडत होती. "म्याडम, रोशनीले पोरगी झाली सव्वातीनले. वार पडली. पण रक्त थांबूनच नाही राह्यलं. चादरी बदलून बदलून दमली मी."

"सर कुठे आहेत?"

"इथंच हायेत जी. पोट चोळून राह्यले. पण हात कापून राह्यले त्याहिचे, दाब टिकत नाही."

मागून गहाण्यांचा आवाज आला. "कुंदा, तिले काहून फोन केला? पेपर चालू हाये तिचा. पोरी, ठेव तू फोन. ॲम्बुलन्स निघाली हाये."

"किती वेळात येणार, सर?"

कुंदाताई म्हणाली, "पन्नास मिनिटं म्हणते."

प्रसूतीनंतर गर्भाशय आवळून मुठीसारखं घट्ट व्हावं लागतं, म्हणजे वारेच्या जागेवरच्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते सैल राहिलं, तर बाई अर्ध्या तासात रिकामी होते. पन्नास मिनिटांचा अर्थ त्या खोलीतल्या दोघांना आणि या खोलीतल्या दोघींनाही कळला.

"कुंदाताई, नाडी?"

"एकशे चाळीस. डोळे फिरवून राह्यली."

"सुई कोणती दिली? ऑक्सिटोसिन? सलाइनमध्येही घाला, धार मोकळी सोडा. रक्त धरायला ट्रॅनेक्सा द्या शिरेतून, हळू. आणि पोट सोडू नका. घट्ट होतंय का?"

"होते अन् पुन्हा सैल पडते."

"बेंबीच्या वर आलंय का गर्भाशय? एका अंगाला कललंय?"

पोट चाचपून कुंदाताई म्हणाली, "हाव. उजव्या अंगाले."

"लघवी काढली का तिची?"

गहाणेच म्हणाले, "नाही काढली." चाळीस वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवलेला माणूस, आणि घाबरून तो हेच विसरला होता.

"आत्ता नळी घाला. मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय आवळतच नाही. घातली? आता सर, तुम्ही बाजूला व्हा. कुंदाताई, हातमोजे बदला. उजव्या हाताची मूठ करायची आणि आत न्यायची."

"म्या? म्याडम, म्या कधी केलं नाही जी!"

"तुम्ही मला तीनदा करताना पाहिलंय. मूठ आत, पुढच्या बाजूला, पोटाकडे. डावा हात पोटावरून गर्भाशयाच्या मागे न्या आणि दोन्ही हातांच्या मधे ते दाबून धरा. कणीक मळता तसं नाही, नुसतं धरून ठेवायचं. कोपर मांडीला टेका, नाहीतर हात भरून येतील. मी माझा हात तिथेच ठेवलाय असं समजा."

आचल उभी राहिली होती. तिचा उजवा हात मूठ वळून हवेत होता, डावा त्याच्यासमोर. डोक्यावरच्या वायरी ताणल्या गेल्या होत्या आणि तिला त्याचं भान नव्हतं. परिषदेने छापलेलं, न्यायालयाने वाचून दाखवायला लावलेलं सगळं त्या खोलीतून निघून गेलं होतं. तिच्यापुरती समोर फक्त रोशनी होती.

"रक्त लागेल," सबनीस बाई एकदम म्हणाल्या. त्या केव्हा टेबलाच्या अलीकडे आल्या ते आचलला कळलं नाही. त्यांनी स्वतःच्या फोनवर रक्तपेढीचं ड्रोन केंद्र लावलं होतं. "गट सांगा."

"ओ पॉझिटिव्ह."

"चार पिशव्या आहेत. ड्रोन आत्ता उडेल. कुठे उतरवायचं? उरकुडे, गाव सांगा! लवकर!"

"आंबेटोला," आचल म्हणाली. "गहाणे प्रसूतिगृह. मागच्या अंगणात."

सबनीसांनी ते जसंच्या तसं फोनवर सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आचलने तो पाहिला नाही. ती कुंदाताईला आकडे मोजायला लावत होती.

चौथ्या मिनिटाला कुंदाताई म्हणाली, हात भरून आले. आचल म्हणाली, सोडायचं नाही. नवव्या मिनिटाला कुंदाताई रडायला लागली आणि रडत रडत धरून राहिली. पंधराव्या मिनिटाला गहाण्यांनी सांगितलं की अंगणात ड्रोन उतरला. विसाव्या मिनिटाला कुंदाताईचा आवाज बदलला. "म्याडम, आवळलं वाटते. दगडासारखं लागून राह्यलं."

"हळूच अर्धा दाब सोडा. रक्त?"

"थेंब थेंब."

"नाडी?"

"एकशे दहा. पाणी मागून राह्यली जी!"

आचल खाली बसली. घाम पुसायला तिने कपाळाकडे हात नेला आणि तिची बोटं टोपीच्या कडेला लागली.

समोरच्या पडद्यावर एक्क्याण्णवचे अठ्ठ्याण्णव झाले होते. खाली हिरव्या अक्षरांत ओळ होती: स्थळजुळणी पूर्ण. आवाज आणि ताल, दोन्हींची नोंद. कबुली ग्राह्य. गहाणे प्रसूतिगृह, आंबेटोला. त्याखाली आचलचा नवा नोंदणी क्रमांक होता आणि अगदी तळाला, जिल्हा पथकास सूचना रवाना, तीन वाजून त्रेपन्न मिनिटं.

"मॅडम," आचल म्हणाली. "मी सांगितलं नाही. मी रक्तासाठी सांगितलं."

"मला माहीत आहे."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"तेही मला माहीत आहे." सबनीस बाईंनी टेबलाची कड धरली होती. "तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. देवाशपथ, त्या वेळी माझ्या डोक्यात टोपी नव्हती."

"मग मला नापास करा."

"उरकुडे..."

"मॅडम, तुमच्या पाया पडते. मला नापास करा. मी आत्ता टोपी काढते, ही बघा काढली. लिहा, उमेदवाराने टोपी काढली. लिहा ना!" तिने पट्टा ओढला. वायरी तुटल्या, टोपी जमिनीवर पडली आणि केसांतली पेस्ट तिच्या कानांवर ओघळली. "एक्क्याण्णव नकोत मला. अठ्ठ्याण्णव नकोत. शून्य लिहा."

"नोंद माझ्या हातात नसते. ती तिथल्या तिथे वर जाते, तशीच रचना केली आहे. परीक्षकाने पैसे खाऊन खाडाखोड करू नये म्हणून." त्या वाकल्या, टोपी उचलून टेबलावर ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "मी अहवालात आज घडलं ते सगळं लिहीन. बाई वाचली हे लिहीन. त्याने पथक थांबणार नाही. दोन तासांत ते तिथे पोचतील."

फोन अजून चालूच होता. टेबलावरून गहाण्यांचा आवाज आला, दमलेला आणि खूश.

"पोरी, हायेस का? बाळाचं वजन अडीच किलो भरलं. रोशनीले रक्त चढून राह्यलं. तुझा पेपर खराब केला आम्ही. कसा गेला?"

आचलने फोन हातात घेतला. तिला स्पीकर बंद करायचं सुचलं नाही.

"पास झाले, सर."

तिकडे गलका झाला. कुंदाताई काहीतरी ओरडली, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. गहाणे हसत होते, आणि त्यांचं हसू थांबेपर्यंत आचल थांबली. तेवढं तरी त्यांना मिळू दे, असं तिला वाटलं.

"सर, तुमचं नाव गेलं माझ्यामुळे. मी टोपी काढली नाही. पंचवीस मिनिटं होती मला, तरी काढली नाही. पथक निघालंय. दवाखान्याला सील लागेल."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मागे नवीन पोरगी रडत होती आणि कुंदाताई तिला गप्प करत होती.

"किती वाजता येऊन राह्यले?" त्यांनी विचारलं.

"सहाच्या सुमाराला."

"रोशनी ॲम्बुलन्समधे जाईल. अजून तिघी भरती हायेत. एकीच्या कळा सुरू झाल्या, तिले रस्त्यात सोडून चालणार नाही." त्यांचा आवाज कापत होता. आजवर फक्त हात कापायचे. "त्या तिघीले जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवाची चिठ्ठी लागेल. पथक आलं की माझी सही चालणार नाही. तुझी चालते ना आता?"

"चालते, सर."

"मग रडू नोको. मिळेल ती गाडी धर अन् ये. मी चिठ्ठ्या लिहून ठेवतो, हात चालते तेवढ्या. तू फक्त सह्या कर."